बहिणी दोन

गेल्या दिवाळीत माझी भाची अमेरिकेतून आली होती. भाऊबीज आटोपली, ताटे उचलली गेली आणि हातावर सुपारीचे खांड ठेवून आम्ही सगळे ओटीवर बसलो, तेव्हा तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक पिवळट, आडव्या रेघांचे पान होते. १९५० सालच्या अमेरिकी जनगणनेचे ते पान. तिच्या अमेरिकी नवऱ्याची पणजी त्यात सापडली होती, साध्या शाईच्या, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरांत. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते, जन्म कुठल्या राज्यातला. आणि गेल्या आठवड्यात ही व्यक्ती बहुतेक वेळ काय करत होती, या प्रश्नापुढे लिहिलेले उत्तर, घर सांभाळत होती. त्या देशात ही पाने बहात्तर वर्षे बंद ठेवतात आणि मग सर्वांसाठी खुली करतात. हे पान २०२२ च्या एप्रिलमध्ये खुले झाले. जावईबापू मान तिरकी करून हसत होते. आपली पणजी इतक्या लोकांच्या हातोहात फिरते आहे, याचा त्यांना अभिमान वाटत असावा. भाचीने विचारले, “मामा, तुझ्या पणजीचं असं पान मिळेल? आणि तिचं माहेरचं नाव काय होतं?” पहिल्या प्रश्नाला मी “बघू” म्हणालो. दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तरच दिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. ओटीवर बसलेल्या अकरा जणांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते.

भाची परत गेली. प्रश्न मात्र इथेच राहिला.

पणजीचे सासरचे नाव लक्ष्मी. लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात सोन्याच्या अंगठीने जे नाव कोरले गेले असेल, ते हे. ती माझ्या जन्मापूर्वीच गेली; तिचा फोटो नाही, दागिना नाही. कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात तिचे जाते मात्र अजून आहे आणि त्याच्या खुंट्याचे लाकूड हातांनी इतके गुळगुळीत झाले आहे, की बोट फिरवले तर रेशमावरून फिरवल्यासारखे वाटते. तिला प्रत्यक्ष पाहिलेले एकच माणूस आज हयात आहे, ते म्हणजे माझी आत्या. आत्याला विचारले तर ती म्हणाली, “अरे, तिला सगळे थोरली म्हणायचे. घरातले, गल्लीतले, सगळेच. नाव घेऊन हाक मारायला तिच्याहून मोठं कोणी उरलंच नव्हतं.” या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. माणसाचे नाव घेणारे लोक आधी जातात आणि मग नाव जाते, हा क्रम मी कधी लक्षातच घेतला नव्हता.

आत्याला १९५१ ची जनगणना आठवते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. दारावर गेरूने आकडा घातला होता आणि तो पुसायचा नाही अशी घरात ताकीद होती. गावातल्या शाळेचे गुरुजीच कागदांची चळत आणि दौत घेऊन ओसरीवर बसले. आजोबांनी सगळ्यांची नावे भराभर सांगितली. थोरलीपाशी आल्यावर, आईचे नाव मुलाने कसे उच्चारावे, या संकोचाने ते क्षणभर घुटमळले. गुरुजींनी आत पाहून विचारले, “आजी, नाव काय तुमचं?” आतून आवाज आला, “लिवा की म्हातारी म्हणून.” सगळे हसले. मग वय. थोरलीने सांगितले की मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती नदीवरून घागर आणण्याजोगी झाली होती. गुरुजींनी हिशेब मांडण्याची तसदी घेतली नाही. साठ लिहून टाकले. जुन्या जनगणनांचे अहवाल वाचणाऱ्याला ही साठी ओळखीची आहे. या देशातली माणसे कागदावर नेहमी वीस, पंचवीस, तीस, चाळीस, साठ अशाच वयांची होती. एकोणतीस आणि एकेचाळीस वर्षांची माणसे त्या मानाने फारच थोडी सापडतात. पूर्ण शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबणारी ती वये पाहून आकडेशास्त्र्यांनी कपाळाला हात लावले. मला मात्र त्यात एक सभ्यता दिसते. ज्याला आपले वय ठाऊक नाही, त्याला बसायला दिलेला तो सोयीचा पाट आहे.

मी पुण्यातल्या दप्तरखान्यांच्या आणि ग्रंथालयांच्या चकरा सुरू केल्या त्या १९३१ च्या आशेने. २६ फेब्रुवारी १९३१ ची ती रात्र. तेव्हाची मोजणी एका रात्रीची असे. आधीचे काही आठवडे घरोघर कच्ची यादी करून ठेवायची आणि ठरल्या रात्री पुन्हा फिरून, मेलेला खोडायचा, जन्मलेला चढवायचा, मुक्कामाला आलेला पाहुणा धरायचा. तारीख निवडताना जत्रा आणि लग्नतिथी टाळत आणि शुक्ल पक्ष पाहत, म्हणजे मोजणाऱ्याला चांदणे मिळे. मी डोळे मिटून ते चित्र पाहत असे: चांदण्यात कंदील घेऊन आमच्या बोळात शिरणारा माणूस, भुंकणारी कुत्री, आणि उंबऱ्याआड पांढऱ्या कपाळाची, चाळिशीतली पणजी. त्याच वर्षी काँग्रेसने जनगणनेवर बहिष्कार पुकारला होता आणि ११ जानेवारीचा रविवार त्यासाठी पाळला गेला होता, हे वाचल्यावर तर माझ्या मनात नवीच धास्ती उभी राहिली, की आजोबांनी देशभक्तीच्या भरात दारावरचा आकडाच पुसला असेल तर? तेव्हा ते तेविसाचे होते आणि पुढे आयुष्यभर खादी वापरत होते.

ही धास्ती व्यर्थ होती. त्या रात्रीचा माझ्या गावाचा कागदच कुठे उरलेला नाही. एका कार्यालयात चष्मा कपाळावर सरकवलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला शांतपणे समजावले. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करत. धर्मागणिक चिठ्ठ्यांचे रंग वेगळे. मग खणाखणांच्या घोड्यांत त्या टाकायच्या, मोजायच्या, तक्ता भरायचा. तक्ता छापून झाला की चिठ्ठ्यांचे आणि मूळ याद्यांचे काम संपले. ते ठेवायचे कुठे आणि कशाला? स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तर वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येणार नाही आणि पुरावा म्हणूनही चालणार नाही, असे स्पष्ट करून टाकले. “आकडे आहेत साहेब,” ते म्हणाले, “माणसं नाहीत.” आणि त्यांनी मला १९५१ ची जिल्हा पुस्तिका काढून दिली. तिच्यात गावागणिक ओळी आहेत. आमचे गाव सापडले. घरे इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. त्या स्त्रियांच्या आकड्यावर मी बोट ठेवले. त्या आकड्यातली एक माझी पणजी, एक माझी आजी आणि एक माझी तेरा वर्षांची आत्या. आकडा सम होता की विषम, एवढेही मी घरी येईपर्यंत विसरलो होतो.

इंग्लंडने स्वतःची १९३१ ची पाने जपून ठेवली होती, आणि १९४२ च्या डिसेंबरात ती गोदामातल्या आगीत जळून गेली. हे वाचून मला थोडे बरे वाटले, याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

आपल्याकडे जनगणनेला जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर, घरांची मोजदाद. शिरगणती म्हटले की निदान डोकी तरी दिसतात. खानेसुमारीत घर दिसते, आणि घर म्हणजे कर्ता पुरुष. बाईचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नुसते ‘स्त्री’ लिहावे, अशी मुभा इंग्रजांच्या सुरुवातीच्या जनगणनांतल्या सूचनांतही होती. म्हणजे पान उरले असते तरी त्यात काय सापडले असते, हा प्रश्नच आहे. ‘लक्ष्मी, विधवा, वय ४०.’ फार तर एवढे. माहेरचे नाव विचारणारा रकाना कोणत्याच सालात नव्हता.

मग मी वळलो तो कोतवाल बुकाकडे. कागदोपत्री त्याला गाव नमुना १४ म्हणतात. गावात कोण जन्मले आणि कोण मेले, याची ती वही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून तहसिलांच्या अभिलेख कक्षांत या वह्यांना एकाएकी भाव आला आहे. मी गेलो त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सहा जण पणजोबांची नावे खिशात घेऊन बसले होते आणि मोडी वाचणाऱ्या एका तरुणाभोवती तर लग्नाच्या आचाऱ्याभोवती असते तशी गर्दी होती. त्यांना जातीचा शब्द हवा होता, मला एका बाईचे नाव. बाकावरच्या एका शेतकऱ्याने मला विचारले, “तुमचं काय काम अडलंय?” काही अडलेले नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. काम अडल्याशिवाय पूर्वज शोधणारा माणूस त्याने बहुधा प्रथमच पाहिला असावा.

वही उघडली तेव्हा आधी वास आला. वाळवीची पूड, डिंक आणि पावसाळ्यात ओल खाऊन पुन्हा वाळलेला कागद यांचा तो मिळून एक आंबूस वास. तो दोन दिवस बोटांना होता. मोडीचा लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग अक्षरे तिला टांगत जातो, दोरीवर धुणे वाळत घालावे तशी. लेखणी उचलायची नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही, शब्दांत अंतर सोडायचे नाही. त्या तरुणाने बोट फिरवत फिरवत १९०८ साली आमच्या पणजोबांस मुलगा झाल्याचे वाचून दाखवले. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. जन्म पणजोबांच्या नावे. ज्या बाईने नऊ महिने वाहिला तिचा उल्लेख नाही. पाने उलटत आम्ही १९१८ वर आलो. त्या सालच्या सप्टेंबरपर्यंत मृत्यूची पाने विरळ आहेत. ऑक्टोबर लागला आणि अक्षर बदलले. ते घाईचे झाले, मग वाकडे झाले, आणि एका पानानंतर हातच वेगळा दिसू लागला. पहिला लिहिणारा बहुधा स्वतःच नोंदीत गेला असावा. कारणाच्या रकान्यात वरच्या ओळीत ‘ताप’ आणि खाली ओळीमागून ओळ नुसत्या खुणा. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि १९२१ च्या मोजणीत या देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली, जे त्या आधी-नंतरच्या कुठल्याही दशकात घडले नाही. हे मला पुस्तकातून माहीत होते. त्या खुणांपैकी सातवी खूण माझे पणजोबा होते.

आणि त्याच वहीत, आजोबांच्या जन्मानंतर तीन वर्षांनी, पणजोबांस मुलगी झाल्याची एक ओळ निघाली. या मुलीविषयी घरात कोणी कधी अवाक्षर काढले नव्हते. चौदा महिन्यांनी ती मृत्यूच्या पानावर आहे: मुलगी, वय १, खोकला. नाव दोन्हीकडे नाही. आजोबांना बहीण होती हे ज्या दिवशी मला कळले, त्या दिवशी ते जाऊन चाळीस वर्षे झाली होती. तरुणाने मला विचारले, “हिची नक्कल घ्यायची का?” मी हो म्हणालो. कशासाठी, ते सांगता आले नसते.

पणजीचे माहेर मात्र या वहीत असणे शक्य नव्हते. ते नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या तालुक्यात. गाव आत्याला माहीत होते, आडनावही माहीत होते, कारण दिवाळीला तिकडून बैलगाडीने शेंगांचे पोते येत असे. हा धागा पुढे नेला तो नाशिकच्या एका तीर्थोपाध्यायांनी. रामकुंडाच्या परिसरात अशा घराण्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात आणि गाव-आडनाव सांगितले की कोणते गाव कोणाकडे, हे तिथे तोंडपाठ असते. त्यांनी लाल फडक्यातली लांबोडकी वही सोडली, थुंकी न लावता, तळव्याच्या कडेने पान उलटले आणि आमच्या आजोबांनी शके १८५२ मध्ये दिलेला लेख माझ्यापुढे ठेवला. खाली आजोबांची सही. मातोश्री लक्ष्मीबाई, असेही लिहिलेले. मी म्हणालो, हे नाव मला ठाऊक आहे. मी काय शोधतो आहे ते ऐकून ते थोडे हसले आणि म्हणाले, “मग चुकीच्या वहीत शोधताय. लेकीबाळींचं नाव हवं तर बाईच्या भावाला गाठावं लागतं.”

पणजीच्या माहेरचे गाव दुसऱ्या घराण्याकडे होते. दोन गल्ल्या ओलांडून गेलो. तिथल्या वहीत शके १८४७ चा, म्हणजे १९२५ चा एक लेख निघाला. पणजीचा भाऊ वैशाखात बापाच्या अस्थी घेऊन आला होता. बापाचे नाव, आजाचे नाव, चुलते, मुलगे, सगळे ओळीने. आणि शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, एक ओळ. तिथल्या गुरुजींनी ती दोनदा वाचली. मी मोबाइलवर फोटो काढला, पुण्यात येऊन त्या तरुणाकडूनही वाचून घेतली. वाचन तेच राहिले. ‘बहिणी २ गोदा व भिमा पैकी १ दिली मौजे’, पुढे आमच्या गावाचे नाव, आणि ‘१ मयत’.

पैकी एक दिली. एक मयत.

कोण दिली आणि कोण मयत, हे लिहिण्याची भावाला गरज वाटली नाही. त्याला ते माहीतच होते. पुढच्या महिन्यात मी त्या गावाचे कोतवाल बुक पाहून आलो. १८८९ सालात त्या बापास मुलगी, १८९२ सालात पुन्हा मुलगी. बारशाआधीच्या नोंदी त्या. नावे कुठून असणार? मृत्यूच्या वहीतली मधली नऊ वर्षे वाळवीने एकजीव केली आहेत. ती पाने सुटी करायला गेले तर हातात भुगा येतो. आता येत्या जनगणनेत, १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेला, माझे घर फोनच्या पडद्यावर भरले जाईल. तो सारा मजकूर टिकेल आणि कोणाला दिसणार नाही. त्या दिवशी मात्र त्या भुग्याच्या ढिगापुढे बसून मला फक्त मयत मुलीचे वय हवे होते.

भाचीला मी सगळे लिहून कळवले. तिने वंशवृक्षाचा तक्ता पाठवला होता, त्यात पणजीच्या चौकोनात आडव्या रेघेने तोडून दोन्ही नावे लिहिली. तिला ते रुचले नाही. “मामा, प्रोग्रॅम एकच नाव घेतो,” ती म्हणाली. मी तिला लक्ष्मीच राहू दे म्हणालो. छापून घेतलेल्या माझ्या प्रतीवर मात्र मी शिसपेन्सिलीने दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत.

आत्याकडे मी शेवटी गेलो. जाणे लांबवत होतो, कारण थोरलीच्या मरणाची गोष्ट मी लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकत आलो होतो आणि ती आमच्या घरात पुण्याईची गोष्ट म्हणून सांगितली जाते. १९५२ च्या उन्हाळ्यात थोरली तापाने पडली. तिसऱ्या दिवशी तिचे बोलणे थांबले आणि रात्री मात्र ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली, गोदा, गोदा. घरात कोणीतरी नाशिकहून आणलेला, लाखेने बंद केलेला गंगेचा गडू देवघरात होता. आजोबांनी तो फोडला आणि तिच्या तोंडात चमच्याने पाणी घातले. शेवटच्या घडीला गोदामाई आठवली, बाईचे भाग्य थोर, असे सारे गाव म्हणाले. ही गोष्ट मी स्वतःही अनेकांना सांगितली आहे.

आत्या खिडकीशी वाती वळत बसली होती. मी तिला वहीतली ओळ वाचून दाखवली. तिच्या बोटांतला कापूस तसाच राहिला. बाहेर भंगारवाल्याची हाक आली, गेली. थोरलीची ती हाक स्वतःलाच असेल की बहिणीला मारलेली, असे मी काहीतरी म्हणालो. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळाने तिने वात पुरी केली, तबकात इतर वातींशेजारी सरळ करून ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पाणी तोंडात घातलं ना, तेव्हा तिने मान फिरवली होती. आम्हाला वाटलं, आता तेही उतरत नाही.”